ताईंच्या तोंडचा आकडा

ताई रागावल्या की आधी चष्मा काढायच्या, अंगातल्या निळ्या डगल्याच्या टोकाला पुसायच्या आणि मग समोरच्याची हजेरी घ्यायच्या. चष्मा काढला की त्यांना माणसाचा चेहरा धड दिसत नाही आणि त्यामुळे भीडही पडत नाही, असं त्यांच्या नवऱ्याचं म्हणणं होतं. तो शिंपी होता, चार हात लांबून बोलायची त्याला सवय होती. चष्मा दिवसातून एकदा तरी निघायचाच, कारण ताईंचं कामच असं की रागावल्यावाचून ते करणं कठीण.

काम म्हणजे गाड्यांची ताकद मोजणं. धाकट्या भावाच्या गॅरेजमागे एक लांबट खोली होती. जमिनीत दोन जाडजूड लोखंडी रोलर बसवलेले, समोर माणसाला मागे ढकलील असा पंखा, छताजवळ धूर ओढून नेणारा नळ. गाडी आत घ्यायची, तिची चाकं रोलरवर चढवायची, पट्ट्यांनी चारी बाजूंनी जखडायची आणि मग ताई स्वतः आत बसून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायच्या. गाडी जागच्या जागी सुसाट धावायची, भिंती थरथरायच्या, खिळ्याला अडकवलेले पाने खणखणायचे. इंजिनाने रोलर किती जोरात फिरवले त्यावरून यंत्र हॉर्सपॉवर सांगायचं.

गाडीचा मालक तेवढा वेळ काचेपलीकडे श्वास रोखून उभा असायचा. त्याला स्क्रीन दिसत नसे. ताई खाली उतरायच्या, कानावरची झाकणं गळ्यात ओढायच्या, स्क्रीनकडे बघायच्या आणि भिंतीवरचा माइक उचलून आकडा बोलायच्या. एकदाच. कागद नाही, शिक्का नाही, काही नाही. ही पद्धत त्यांच्या वडिलांची. वडील तर खिडकीतून ओरडूनच सांगायचे, माइक नंतर आला. कागद दिला की लोक त्यावर खाडाखोड करतात आणि माणसाच्या तोंडावर करता येत नाही, असा त्यांचा साधा हिशेब. त्यामुळे गाड्यांच्या वेडाने पछाडलेल्या मंडळींत बोलणं चालायचं तेही असंच. "तुझ्या गाडीला ताई काय बोलल्या?" एवढं विचारलं की पुरे.

वडिलांनी पाने मुलाच्या हातात दिले आणि मोजमाप मुलीच्या, त्यामागे कारण होतं. भावाचा हात लहानपणापासून सफाईचा. बंद पडलेलं काहीही त्याच्या हातात दिलं की चालू व्हायचं. पण मोजायला सांगितलं की गडबड. घराच्या दाराच्या चौकटीवर दोघा भावंडांच्या उंचीच्या खुणा करायच्या तर हा हळूच टाचा उचलायचा. वडील पेन्सिल हातात धरून म्हणायचे, "टाचा टेकव." हा टेकवायचा आणि मान ताणायचा. ताई त्याच्या पायावर पाय देऊन उभ्या राहायच्या तेव्हा कुठे खरी खूण व्हायची.

पुढे भाऊ पुढच्या दालनात बसून गाड्या सजवू लागला आणि ताई मागच्या खोलीत त्या सजलेल्या गाड्यांना खरं ते सांगू लागल्या. लोक गाडीला काय काय चिकटवून आणत ते बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा एक बेकरीवाला आला. बॉनेटवर हवा ओढायचं उंच नाक बसवून आणलेलं. ताईंनी बॉनेट उघडून खाली बघितलं.

"याच्याखाली भोक कुठंय?"

"कशाचं?"

"हवा आत जायचं."

"ते तसं दिसायला आहे, ताई."

"मग या, दिसणं मोजून देते," ताई म्हणाल्या आणि चष्मा काढला.

सायलेन्सरच्या जागी बादलीएवढं नळकांडं लावून येणारे तर रोजचेच. आवाज असा की शेजारच्या गल्लीतली माणसं खिडक्या लावून घेत, आणि ताकद वाढलेली दोन घोड्यांची, तेही आजारी. पण ताईंचा खरा दात होता तो डिकीवर उभ्या केलेल्या स्पॉयलरवर. त्याला त्या इस्त्रीची फळी म्हणत.

"रोलरवर गाडी उभी असते, पंख्याचा वारा इंजिनापुरता, म्हणून ही फळी काय खाते ते इथे कळत नाही," त्या ऐकवायच्या. "रस्त्यावर वेग दुप्पट झाला की वारा चौपट अडवतो आणि त्याला फाडायला आठपट ताकद लागते. आधीच मारामारी, त्यात तुम्ही मागे फळी उभी करून ठेवलीत. वळणावर गाडी जमिनीला दाबून धरायला ती शर्यतवाल्यांना लागते, मान्य. तुम्ही त्या वेगात वळणार कुठे, पोस्टाच्या कोपऱ्यावर?"

लोक हसायचे, ओशाळायचे आणि परत यायचे. कारण एखाद्याने टर्बोच्या इंजिनाला इंधन किती द्यायचं ते ठरवणारी चिप नीट बदलून घेतली असेल आणि खरोखर वीस-पंचवीस घोडे वाढले असतील, तर ताई तेही तितक्याच मोकळेपणाने बोलायच्या. त्यांच्या तोंडून चांगला आकडा ऐकण्यासाठी माणसं जिवाचा आटापिटा करायची. घराबाहेर ताईंजवळ मिरवावं असं दुसरं काही नव्हतं. शिक्षण बेताचं, रूप बेताचं, स्वभावाबद्दल तर बोलायलाच नको. पण ताई बोलल्या म्हणजे तसंच असणार, हे ज्याच्या त्याच्या तोंडी होतं आणि त्यावर त्या ताठ मानेने चालत होत्या.

अशात भावाने एक तयार संच विकायला काढला. चिप, हवेची मोठी गाळणी, धुराची रुंद नळी, रुंद टायर, गाडी खाली बसवायच्या स्प्रिंगा आणि वर ती इस्त्रीची फळी, सगळं एकदम. फळीवरून बहीणभावांची खडाजंगी झाली. पण संच बसवलेल्या गाड्या रोलरवर चढू लागल्या आणि ताई चक्रावल्या. आकडे चांगले येत होते. चांगले म्हणजे फारच चांगले. फळीचा त्यात काही हात नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण चिपमध्ये भावाने काहीतरी खास साधलंय असं त्या समजल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याची पाठ थोपटली. नवऱ्याला सांगितलं, "बाबा असते तर त्यांना ऐकवलं असतं."

त्याच सुमाराला भावाने त्यांना एक मोठा स्क्रीन आणून दिला. जुन्या स्क्रीनवर बारीक बारीक अक्षरांत पन्नास गोष्टी असायच्या. नव्यावर एकच आकडा, हाताच्या पंजाएवढा. "तुझ्या डोळ्यांना त्रास नको," तो म्हणाला. ताईंचे डोळे तेव्हा भरून आले होते, हे त्यांनी पुढे कितीतरी वेळा दात ओठ खाऊन सांगितलं.

भावाने स्वतःच्या गाडीलाही संच बसवला. ही गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. कंपनीतून आली तेव्हा रोलरवर एकशे अठ्ठेचाळीस हॉर्सपॉवर होती. आता स्क्रीनवर एकशे ब्याण्णव आलं. ताई माइकवर ते बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज जरा चढलाच होता. बाहेर दालनातली माणसं टाळ्या वाजवत होती. भावाने त्या आकड्यावर हिशेब मांडला की गाडी आता कितीतरी जास्त पळायला हवी, जुना गिअर अपुरा पडणार. म्हणून त्याने गिअरबॉक्स उघडून शेवटचा गिअर लांब पल्ल्याचा करून घेतला.

शहराबाहेर एक जुनी, वापरात नसलेली धावपट्टी होती. वर्षातून एकदा तिथे हौशी मंडळी जमायची आणि कोणाची गाडी सरळ रेषेत किती पळते ते बघायची. वेग मोजायला एक निवृत्त काका यायचे. नोकरीत जमिनी मोजत होते, म्हणून सगळे त्यांना मोजणीवाले काका म्हणत. पट्टीच्या शेवटी मोजून अंतर ठेवून दोन दांड्या रोवायच्या, त्यांना दिवे लावायचे आणि छत्रीखाली बसून राहायचं. आदल्या वर्षी भावाची गाडी, काहीही न बदललेली, ताशी दोनशे सहाने गेली होती. यंदा संच होता, लांब गिअर होता आणि नंतर वाटायला डब्यातून लाडूसुद्धा आणले होते, इतकी सगळ्यांना खात्री होती.

भाऊ हेल्मेट चढवून निघाला. आवाज तर असा आला की धावपट्टीच्या कडेचे पक्षी उडाले. गाडी लांबून ठिपक्यासारखी आली, मोठी झाली, दोन्ही दांड्यांसमोरून गेली. काकांनी आकडा बघितला, चष्मा सारखा केला आणि परत बघितला.

"एकशे चौऱ्याण्णव," ते म्हणाले.

भाऊ परत गेला, परत आला. या खेपेला त्याहून एक कमी. कोणीतरी मागून हसलं. ताईंनी चष्मा काढला.

"तुमचं यंत्र तपासून घ्या, काका."

"सकाळीच तपासलंय."

"मग परत तपासा. गेल्या वर्षीपेक्षा गाडीला चव्वेचाळीस घोडे जास्त आहेत. मी स्वतः मोजलेत. फळीने थोडं खाल्लं असेल, पण इतकं नाही. माझ्या तोंडून आजवर चुकीचा आकडा बाहेर पडलेला नाही."

"मी गाडीला ओळखत नाही, ताई," काका शांतपणे म्हणाले. "या दांडीपासून त्या दांडीपर्यंत यायला किती वेळ लागला, तेवढं सांगतो."

"तुमच्या दांड्या उन्हाने वाकल्या असतील," ताई म्हणाल्या. सगळी मंडळी ऐकत होती. "वय झालं की माणसाने छत्रीखाली घरीच बसावं."

काकांनी छत्री सारखी केली. ताईंना वाटलं, भाऊ आता आपली बाजू घेऊन आकांडतांडव करणार. एरवी पार्किंगच्या जागेवरून हातघाईवर येणारा हा माणूस हेल्मेट काखेत धरून उभा होता. "वारा होता समोरून," एवढंच तो पुटपुटला. झाडाचं पान हलत नव्हतं.

घरी आल्यावर ताईंचं तोंड बंद होईना. काका, त्यांच्या दांड्या, हसणारी माणसं, सगळ्यांचा उद्धार झाला. नवरा जेवता जेवता ऐकत होता. शेवटी त्याने हळूच विचारलं, "तुझी पट्टी तपासलीस का?"

"कसली पट्टी?"

"कापडी पट्टी वापरून वापरून ताणली जाते. मग सगळी गिऱ्हाइकं बारीक झाल्यासारखी वाटतात. मी कौतुक करतो, ते खूश होतात, आणि सदरा अंगात शिरत नाही. मग मी नवी पट्टी आणतो."

"तुझी पट्टी आणि माझे रोलर एक नाहीत," ताई म्हणाल्या. दोन दिवस त्यांनी नवऱ्याशी अबोला धरला. ज्याला गाडीत बसलं की मळमळतं, त्याने आपल्याला गाड्या शिकवाव्यात, हे त्यांना फारच झोंबलं होतं. पण बोलणं डोक्यातून जाईना.

त्यानंतर एक परिचारिका आली. तिची छोटी गाडी जुनी, रंग उडालेला, मागच्या सीटवर लेकराच्या बिस्किटांचा चुरा. बदलायचं तर लांबच, तिने गाडीला वर्षभर धुतलंसुद्धा नव्हतं. लांबच्या रुग्णालयात बदली झाली होती आणि रोज घाट चढायचा होता. "इंजिन दमलंय का, तेवढं सांगा," ती म्हणाली.

ताईंनी गाडी चढवली, पळवली, उतरून स्क्रीन बघितला. सत्त्याण्णव. माइक हातात तसाच राहिला. ही गाडी कंपनीतून नवीकोरी निघाली तेव्हा अठ्ठ्याऐंशीची होती. या जातीच्या शंभर गाड्या ताईंनी मोजल्या होत्या. म्हातारपणी कोणाला नऊ घोडे फुटत नाहीत. त्यांनी परत पळवली. परत सत्त्याण्णव.

काचेपलीकडे परिचारिका वाट बघत होती. ताईंनी माइक खिळ्याला अडकवला, बाहेर जाऊन तिला म्हणाल्या, "बसा जरा. यंत्राला ताप आलाय." हे त्या सहज बोलून गेल्या आणि दारातच थबकल्या.

कारण हे यंत्र खोलीतली हवाही मोजतं. हवा गरम आणि दमट असली की ती विरळ होते, इंजिनाला पुरत नाही, ताकद कमी भरते. त्यात गाडीचा दोष नाही म्हणून यंत्र तेवढी भर आपणहून घालतं, म्हणजे उन्हाळ्यात मोजलेली आणि हिवाळ्यात मोजलेली गाडी एका मापाने तोलली जावी. त्यासाठी भिंतीवर खिडकीशेजारी बोटाएवढी तापमानाची नळी होती. जुन्या स्क्रीनच्या कोपऱ्यात तिचं तापमान बारीक अक्षरांत दिसायचं. नव्या स्क्रीनवर ते नव्हतं.

ताई खिडकीशी गेल्या. नळीच्या जागी नुसता स्क्रू होता. वायर मात्र होती. त्यांनी ती बोटांत धरली आणि तिच्या मागे मागे निघाल्या. कपाटामागून, पाण्याच्या पिंपामागून, हवा भरायच्या कॉम्प्रेसरच्या पाठीमागे. तिथे, जिथे हात लावला तर चटका बसतो अशा लोखंडाला, नळी चिकटपट्टीने नीट बांधून ठेवलेली होती. काम सफाईचं होतं. त्या सफाईवरूनच त्यांनी हात ओळखला.

नळी त्या भट्टीत बसून सांगत होती की खोलीत जीवघेणा उकाडा आहे, आणि यंत्र बिचारं दया येऊन प्रत्येक गाडीला भर घालत होतं. ताईंनी चिकटपट्टी ओढून काढली, नळी जागेवर बसवली, गार होऊ दिली आणि गाडी परत पळवली. त्र्याऐंशी. माइक उचलून त्या परिचारिकेला म्हणाल्या, "त्र्याऐंशी. वयाच्या मानाने ठणठणीत. घाट चढेल." बोलताना त्यांनी काचेकडे बघितलं नाही. तिला वाटलं बाईंना बरं नाही.

मग त्या पुढच्या दालनात गेल्या. भाऊ एका स्पॉयलरला मेण लावून पुसत होता. ताईंनी चिकटपट्टीचा गोळा त्याच्यासमोर ठेवला. चष्मा काढायचं त्या विसरल्या, त्यामुळे भावाच्या चेहऱ्यावरचा रंग उडताना त्यांना स्वच्छ दिसला.

"कधीपासून?"

"ताई, आधी ऐकून घे."

"स्क्रीन आणलास तेव्हापासून. होय की नाही?"

तो मेणाचा डबा बंद करत बसला. मग एकदम बोलायला लागला. सगळेच करतात. समोरच्या रस्त्यावरचा तर आधी आकडा ठरवतो आणि मग गाडी मोजतो. आपण खरं सांगत बसलो तर लोक तिकडे जातात. आणि यात कोणाचं काय वाईट झालं? आकडा ऐकून माणसं खूश होऊन जातात. आनंदच विकतोय आपण.

"आनंद हा शब्दसुद्धा काढू नकोस," ताई म्हणाल्या. "तू खोटं बोलला असतास तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तुझी सवय मला नवी नाही. पण तू बोलला नाहीस. तू माझ्या तोंडून बोलवून घेतलंस. माणसं तुझ्या दालनातल्या पाटीवर विश्वास ठेवून येत नव्हती. ती काचेमागे उभी राहायची आणि मी बोलायचे. बाबांनी मला एक तोंड दिलं होतं, दुसरं काही दिलं नाही. ते तू विकून आलास. आणि त्या म्हाताऱ्या माणसाला मी चारचौघांत नाही नाही ते बोलले, तेव्हा हेल्मेट काखेत धरून बघत उभा होतास."

भाऊ खाली बघत होता. ताईंना मध्येच काहीतरी आठवलं.

"थांब. नळी तिथे तूच बांधलीस ना?"

"हो."

"मग स्वतःच्या गाडीचा गिअर त्या आकड्यावर कसा बदललास? एवढी ताकद नाही, हे तुला माहीत होतं. लांब गिअर ओढायला इंजिनात जोर नाही, वर ती फळी. आधी होता तो वेगपण घालवून बसलास. का?"

भावाने फडकं घडी करून ठेवलं, परत उलगडलं.

"माझा आकडा कमीच असणार हे माहीत होतं," तो म्हणाला. "काचेमागे उभा होतो तेव्हासुद्धा माहीत होतं. पण तू माइकवर एकशे ब्याण्णव म्हणालीस ना, ताई. तू म्हणालीस, मग मला ते खरंच वाटलं."

ताईंना हसू आलं आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. असल्या माणसाचं करायचं तरी काय? दुसऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकता फेकता याने स्वतःच्या डोळ्यांत मूठभर घालून घेतली होती, आणि तीही बहिणीच्या भरवशावर.

त्या आधी मोजणीवाल्या काकांकडे गेल्या. काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. ताईंनी उभ्या उभ्या सांगितलं, "तुमच्या दांड्या सरळ होत्या. माझंच यंत्र वाकडं होतं. मी बोलले ते चुकलं." काका म्हणाले, "बसा." ताई बसल्या नाहीत. "असं नाही चालणार. मी तुम्हाला लोकांसमोर बोलले. हेही लोकांसमोर व्हायला हवं. रविवारी गॅरेजवर या."

मग त्यांनी संच घेतलेल्या प्रत्येकाला फोन लावले. गाडी घेऊन या, परत मोजायची आहे, एवढंच. भावजयीने समजूत घालून बघितली. निदान गुपचूप एकेकाला बोलवा, घरची अब्रू चव्हाट्यावर कशाला. ताई म्हणाल्या, "चव्हाट्यावरच गेली होती माझी, माइकवरून. परत आणायची तर त्याच वाटेने आणणार."

रविवारी गॅरेजपुढे गाड्यांची रांग लागली. ताईंनी आधी माइक बाहेरच्या कर्ण्याला जोडून घेतला आणि सगळं सांगितलं, नळी कुठे होती, ती तिथे गेल्यावर काय व्हायचं, आणि आपण काकांना काय बोललो होतो. कोणी बांधली ते सांगितलं नाही, पण भावाचा चेहरा बघून ते कोणालाही कळलं असतं. गलका झाला. बेकरीवाल्याने तर गाडीचं दार असं आपटलं की आरसा निखळला. दोघे तिघे भावाच्या अंगावर धावून गेले. ताई मध्ये उभ्या राहिल्या, भावाला वाचवायला म्हणून नाही, रांग मोडू नये म्हणून.

एकेक गाडी चढत गेली. ताई पळवायच्या, उतरायच्या, बोलायच्या. जुना आकडा आणि त्यापुढे खरा. त्यांनी एकही गाडी सोडली नाही. ज्यांच्या चिपने खरोखर थोडं वाढवलं होतं तेही सांगितलं. काही जण शिव्या देत गेले. दोघांनी डिकीवरची फळी तिथेच उतरवून दालनाच्या पायरीवर टाकली. एकाने माइककडे बघत म्हटलं, "ताई, आता तुम्ही काही बोललात तरी आम्ही मानायचं कशावरून?" ताईंनी पुढची गाडी आत घ्यायला सांगितली. त्या पट्टे आवळत राहिल्या. एवढी जुनी माणसं, आणि त्यांच्या नजरेला नजर देता येत नव्हती. भावावरचा राग परत उसळून आला.

रांग संपली. आवारात भावाची गाडी उरली. तो किल्ली हातात धरून उभा होता.

"माझी राहू दे, ताई. कळलं सगळ्यांना."

"आत घे."

त्याने आत घेतली. ताईंनी पट्टे आवळले, पंखा लावला, गाडी तळापर्यंत पळवली. उतरून स्क्रीन बघितला. काचेपलीकडे गिऱ्हाइकं होती, काका होते, आणि कधी नव्हे तो शिंपी नवरासुद्धा नाकाला रुमाल लावून आला होता. ताईंनी माइक उचलला. मग वळून भावाला म्हणाल्या, "इकडे ये."

तो आला.

"हा तू बोल."

"मी?"

"मी बोलले की तुला खरं वाटतं. मग कळेल कसं तुला? स्वतः बघ आणि स्वतः बोल."

भावाने माइक घेतला. स्क्रीनकडे बघितलं, काचेकडे बघितलं. घसा खाकरला.

"जवळजवळ एकशे सत्तर," तो म्हणाला.

कर्ण्यातून आवाज आवारभर फिरला. ताई त्याच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माइक ओढून घेतला नाही की चष्मा काढला नाही. फक्त आपला लोखंडी टोकाचा मोठा बूट उचलून त्यांनी भावाच्या पायावर ठेवला आणि थोडा जोर दिला.

"टाचा टेकव," त्या म्हणाल्या. माइक चालू होता, त्यामुळे तेही सगळ्यांनी ऐकलं.

भावाने परत स्क्रीनकडे बघितलं. त्याचे खांदे खाली आले. मग, वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच, तो न वाढवता आकडा बोलला.

"एकशे चौसष्ट."

ताईंनी पाय काढून घेतला आणि पट्टे सोडायला वाकल्या.